पदरातला कांदा आणि रिकामा कॅन

“खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही.” एप्रिल उजाडला की गावोगावच्या बैठकांत हे ऐकावं लागतं. यंदा चंद्रपूरकडच्या एका रोजगार हमीच्या कामावर एका मावशींनी पदराची गाठ सोडून कांदा दाखवला. पलीकडे पाण्याचा कॅन सकाळी दहालाच रिकामा झाला होता, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

साधा हिशेब करा. शंभर ग्रॅमचा कांदा दहा अंशांनी तापला, तर तो जेमतेम एक किलोकॅलरी उष्णता घेतो. अंगावरचा एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीर थंड ठेवतो तो घाम, आणि घामाला पाणी लागतं. “पण संध्याकाळी कांदा सुकलेला असतो, त्यानं ऊन ओढलं ना?” नाही हो! उन्हात कांदा सुकतोच, तो खिशात असो की पाटीत. भाकरीसोबत जरूर खा, पण त्याच्या भरवशावर उन्हात राबू नका.

असे आणखीही समज कानावर येतात. “ऊन लागतं ते ४५ अंशांत, विदर्भातच.” तसं नाही. १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर १४ जण दगावले. त्या दिवशी त्या भागात पारा ३८च्या आसपास होता. किनाऱ्याकडच्या दमट हवेत घाम नीट वाळत नाही.

“टंचाई आहे, पाणी कमी प्या.” बचत अंघोळीच्या, धुण्याच्या पाण्यात करा, ते वापरलेलं पाणी झाडांना घाला. पिण्याच्या पाण्यात काटकसर नको.

“पंखा पुरे.” ४० अंशांपुढे पंखा गरम हवाच अंगावर मारतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंग ओलं करा.

“तापाची गोळी द्या.” उष्माघातात ती उपयोगाची नाही. माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली, तर १०८ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी पुरवणं नियमातच आहे. मावशी, कांदा शिदोरीत ठेवा आणि कॅन भरून मागा. तो तुमचा हक्क आहे.