खासदार लोकसभेत कांद्यावर बोलले, पण पुढं त्याचं काय होतं?

अहिल्यानगर : खासदार सभागृहात उभे राहून कांद्यावर, दुधावर बोलले की संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. कार्यकर्ते म्हणतात, दिल्ली हलवली. विरोधक म्हणतात, नुसती भाषणं. घोडेगाव नाहीतर नेप्तीच्या मार्केटला गोण्या घेऊन आलेला शेतकरी मात्र एकच विचारतो, यानं भाव वाढणार का? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर संसदेत विषय मांडायच्या वाटा कोणत्या आणि कांद्याचा निर्णय नेमका कोणाच्या टेबलावर होतो, या दोन गोष्टी माहीत हव्यात.

आधी निर्णय कुठं होतो ते पाहू. कांदा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कृषिमंत्री येतात. पण निर्यात बंद करायची की चालू ठेवायची, किमान निर्यात मूल्य किती ठेवायचं, हे वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय अधिसूचना काढून ठरवतं. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावतं. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत बफर साठ्याची खरेदी होते ती ग्राहक व्यवहार खात्याच्या सांगण्यावरून. या खात्याचं कामच मुळी शहरातल्या गिऱ्हाईकाला माल परवडला पाहिजे हे बघायचं. म्हणजे कांदा शेतकऱ्याचा, पण त्याच्या भावाला हात घालणाऱ्या तिन्ही खात्यांत कृषी खातं नाही.

गेल्या काही वर्षांचा घटनाक्रम पाहिला की हे लगेच ध्यानात येतं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी लिलाव बंद केले, तेव्हा केंद्रानं आणखी २ लाख टन कांदा २ हजार ४१० रुपये क्विंटलनं घेण्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी. ती ३१ मार्चला उठेल म्हणून अनेकांनी माल थांबवला, तर २२ मार्चला मुदत पुढच्या आदेशापर्यंत वाढली. ४ मे २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, बंदी उठली. पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लागलं. दोन्ही धरून हिशोब केला तर किलोमागं जवळपास ६४ रुपयांच्या खाली माल बाहेर जाऊच शकत नव्हता. पाकिस्तानचा कांदा स्वस्त मिळत असताना दुबईचा व्यापारी आपला कशाला घेईल?

यातला एकही निर्णय संसदेत मतदान होऊन झाला नाही. दिल्लीत अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी लिलावात भाव पडतो. त्यामुळं खासदाराच्या हातात उरतं ते सरकारला विचारणं, नोंद करायला लावणं आणि अडचणीत आणणं.

यातली सगळ्यात दिसणारी वाट म्हणजे शून्य प्रहर. प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२ असतो, तो संपला की हा सुरू. खासदारानं आधी नोटीस द्यायची, मग चिठ्ठ्या निघतात. नाव निघालं तर दीड-दोन मिनिटं मिळतात. व्हॉट्सअॅपवर फिरतात ते व्हिडिओ बहुतेक याच वेळचे. पण तिथं मंत्र्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. नियम ३७७ खाली लेखी मजकूर देऊन विषय मांडता येतो. तो फारसा गाजत नाही, पण संबंधित मंत्रालयाकडून खासदाराला लेखी उत्तर येतं, म्हणून कामाचा.

खरी धार आहे ती प्रश्नात. तारांकित प्रश्न दिवसाला २० असतात. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. प्रत्यक्षात तासाभरात पाच-सहा प्रश्नच होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं येतात. अतारांकित प्रश्न दिवसाला २३०, सगळे लेखी. ऐकायला कोरडं वाटतं, पण बफरसाठी कांदा कुठून किती घेतला, कोणत्या दरानं घेतला, पैसे कोणाला पोचले, असे आकडे बाहेर येतात ते याच उत्तरांतून. फक्त प्रश्न बरोबर खात्याला गेला पाहिजे. निर्यात शुल्काचं कृषी खात्याला विचारलं तर त्यातून फार काही हाती लागत नाही. मंत्र्यानं सभागृहात 'विचार करू', 'माहिती सादर करू' असं म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं. त्याचा पाठपुरावा करायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं असा दंडक आहे.

अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते, पण ती मोजक्याच खात्यांवर. राहिलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकतात. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं मांडता येतात. मात्र असं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर योग आलेला नाही. 'हमीभावाचा कायदा मांडला' असं पोस्टर लागलं तर हे लक्षात ठेवावं.

भाषेचा मुद्दा आपल्याकडं उगीच गाजला. २०२४ च्या प्रचारात नीलेश लंके यांना इंग्रजीवरून टोमणे बसले आणि निवडून आल्यावर त्यांनी शपथ इंग्रजीतून घेतली. त्याची चर्चा महिनाभर चालली. खरं तर लोकसभेत मराठीतून बोलता येतं, आधी कळवलं की दुभाषी लगेच भाषांतर करतात. अडचण भाषेची नसून कागदाची असते, हातात आकडे आहेत का याची.

या जिल्ह्याला दिल्लीत शेतीवर बोलण्याची जुनी सवय आहे. हरितक्रांतीच्या काळात अण्णासाहेब शिंदे केंद्रात शेती खात्याचे राज्यमंत्री होते. बाळासाहेब विखे पाटील यांनी वाजपेयी सरकारमध्ये अर्थ खात्याचं राज्यमंत्रिपद सांभाळलं. ते सत्तेच्या बाजूनं आत बसलेले. विरोधी बाकावरच्या खासदाराची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी ताजी असताना सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे यांच्यासह अनेक विरोधी खासदार निलंबित झाले. निमित्त संसदेच्या सुरक्षेवरच्या गोंधळाचं होतं, पण त्या अधिवेशनात कांद्यावर बोलणारी माणसंच बाहेर बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये विरोधी खासदारांनी कांद्याच्या माळा घालून संसदेच्या आवारात निदर्शनं केली.

मग शुल्क हटलं ते कशानं? १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात मूल्य काढलं, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. तेव्हा विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि लोकसभेला कांदा पट्ट्यात सत्ताधाऱ्यांना बसलेला फटका ताजा होता. उरलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून गेलं, पण तोवर उन्हाळी कांदा मार्केटला येऊन भाव उतरले होते. एकट्या भाषणानं हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं. पण मतपेटीत राग उमटायला विषय आधी पेटता राहावा लागतो, आणि ते काम सभागृहात आणि रस्त्यावर दोन्हीकडं झालं.

दुधाचंही असंच आहे. लिटरमागचं अनुदान राज्य सरकार देतं, दूध पावडरच्या आयातीचा निर्णय केंद्र घेतं. जून २०२४ मध्ये कमी शुल्कात १० हजार टन पावडर आणायला केंद्रानं वाट मोकळी केली तेव्हा इथं दुधाला भाव मिळत नव्हता. इथंही खासदारानं जाब विचारायचा तो केंद्राला, आमदारानं राज्याला.

खासदारांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार मिळतात, कोणालाही मोबाईलवर वाचता येतात. प्रश्नाची नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून विक्रीच्या पट्ट्या, चाळीत सडलेल्या मालाचा हिशोब, नाफेडच्या केंद्रावरून परत पाठवलेल्या मालाचे कागद खासदारांच्या कार्यालयात द्यायचे असतील तर अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी दिलेले बरे.