बहिणीच्या गावाची वाट

मडगावास दिलेल्या धाकट्या बहिणीच्या भेटीस वर्षाकाठी एकदा निघालो, की परतण्यापूर्वीची एक सकाळ जुन्या गोव्यासाठी राखून ठेवण्याचा माझा शिरस्ता आहे. आणि ‘देवळं काय कमी पडली?’ हा तिच्या सासूबाईंचा दरसालचा सवालही मी निमूटपणे ऐकून घेतो. १६०५ साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या, गिलाव्यावाचून उघड्या असलेल्या तांबड्या जांभ्याच्या भिंती बाहेरून काहीशा रुक्षच वाटतात. परंतु आत पाऊल टाकताच सोन्याचा वर्ख चढविलेली काष्ठवेदी नेत्र दिपवते, आणि उजवीकडे, टस्कनीच्या ड्यूकने पाठविलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जतन केलेली रुप्याची पेटी दिसते. ती पेटी मात्र गोमंतकीय सोनारांच्या हातची! समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली कोसळला, तो पुनश्च उभारलाच गेला नाही; त्या उणिवेनेच मला ती वास्तू अधिक जवळची वाटते.

मराठी वाचकाने मडगावनजीकचे राशोल तर चुकवूच नये. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तेथेच, रोमन लिपीत, मुद्रित झाले. त्या प्रथमावृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

जाल तेव्हा मिस्सा चालू असल्यास कॅमेरा पिशवीत ठेवून मागच्या बाकावर स्वस्थ बसावे. कोणी उठवीत नाही.