आरंभीच्या ख्रिस्ती पंगती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोमन साम्राज्यातल्या पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांचा वेगळा पोशाख नव्हता, वेगळी भाषा नव्हती आणि बराच काळ स्वतंत्र प्रार्थनामंदिरेही नव्हती. कोण ख्रिस्ती आणि कोण नाही, हे पुष्कळदा जेवणाच्या जागी कळे. माणूस कोणाच्या पंगतीला बसतो, काय खातो आणि कोणते अन्न नाकारतो, यावरून त्याची ओळख ठरे. या जेवणांविषयीच्या आजच्या समजुती मात्र बऱ्याचशा नंतरच्या चर्चविधींवरून आणि चित्रांवरून बनलेल्या आहेत.

प्रभुभोजन म्हणजे आरंभापासून भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट, ही त्यातली सर्वांत रुळलेली समजूत. जुना लेखी पुरावा वेगळे सांगतो. प्रेषित पौलाने इ.स. ५५च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा त्याची तक्रार अशी होती की प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण उपाशी राहतात आणि काही जण पिऊन झिंगतात. एका तुकड्याने आणि एका घोटाने असे होणे शक्य नाही. ते संध्याकाळचे पोटभर जेवण होते आणि भाकर मोडणे, प्याला फिरवणे हा त्याच जेवणाचा भाग होता. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथातही आभाराची एक प्रार्थना सगळ्यांची पोटे भरल्यानंतर म्हणायची आहे. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये या ग्रंथाचे हस्तलिखित सापडले आणि अभ्यासकांना आणखी एक धक्का बसला : त्यात प्याला आधी येतो, भाकर नंतर, आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचा उल्लेखही नाही. एकच ठरीव विधी सगळीकडे चालत होता, असे त्यानंतर म्हणता येत नाही.

लिओनार्दो दा विंचीच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात येशू आणि शिष्य लांब टेबलामागे एका ओळीत बसलेले दिसतात. प्राचीन काळी अशा समारंभी जेवणाला लोक बैठकीवर डाव्या कोपरावर टेकून, अर्धवट पहुडून जेवत. सहाव्या शतकाच्या आरंभीच्या राव्हेन्ना येथील मोझेइकमध्ये शेवटचे भोजन तसेच दाखवले आहे. मधल्या ताटात मासे आहेत.

असे एकत्र जेवण ही ख्रिस्ती लोकांनीच काढलेली नवी गोष्ट होती, असेही मानले जाते. ते खरे नाही. रोमन जगात व्यवसायाच्या, मोहल्ल्याच्या आणि देवतांच्या मंडळ्या ठरावीक दिवशी जेवणावळी घालत. रोमजवळच्या लानुवियुम गावी डायना आणि अंतिनोउस यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळाची नियमावली १३६ सालच्या शिलालेखात टिकून आहे. प्रवेशशुल्क शंभर सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण. जेवणाला भाकर आणि प्रत्येकी चार छोटे मासे. दंगा करण्यासाठी आपली जागा सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला चार सेस्टर्स दंड. सभासदांत गुलामही होते. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर सारापिस देवाच्या पंगतीची आमंत्रणे आहेत. ख्रिस्ती मंडळी याच चाकोरीत जेवत होती, म्हणून ती शेजाऱ्यांना फार विचित्र वाटली नसावी. विचित्र वाटले ते हे, की ही माणसे इतर पंगतींना येईनाशी झाली.

आता करिंथकडे परत जायला हवे, कारण तिथे आणखी एक गैरसमज तपासता येतो. ख्रिस्ती पंगतीत मालक आणि गुलाम, श्रीमंत आणि गरीब सहजपणे समान झाले, असे गौरवाने लिहिले जाते. पौलाचे पत्र वाचले तर तिथे उघडउघड पंक्तिभेद दिसतो. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे तो स्पष्ट बजावतो आणि एकमेकांसाठी थांबा, असे सांगतो. काही अभ्यासक याचे कारण घराच्या रचनेत शोधतात : रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बैठकींवर साधारण नऊ माणसे मावत, म्हणून बाकीच्यांची सोय अंगणात होत असावी. शिवाय पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे पदार्थ बदलणे ही त्या समाजात नित्याची गोष्ट होती. रोमन लेखक धाकटा प्लिनी एका पत्रात अशा यजमानाचे वर्णन करतो : मद्य तीन प्रतींचे, एक स्वतःला आणि मोठ्या पाहुण्यांना, दुसरे सामान्य मित्रांना, तिसरे मुक्त केलेल्या गुलामांना. प्लिनीला ते हीन वाटले. आपण सगळ्यांना एकच मद्य देतो, असे तो सांगतो. म्हणजे पंक्तिभेदाचा तिटकारा ही एकट्या ख्रिस्ती लोकांची मिरास नव्हती आणि पंक्तिभेदही फक्त इतरांकडे नव्हता. पौलाचे वेगळेपण इतकेच, पण ते मोठे आहे : इतरांना जी असभ्यता वाटली, तिला तो देवाच्या मंडळीचा अपमान म्हणतो.

यहूदी आहारनियम येशूनंतर एका फटक्यात रद्द झाले, हा समज तर पुराव्यापुढे जराही टिकत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरून परततो, तेव्हा यरुशलेममधले लोक त्याला जाब विचारतात, तो जेवण्याबद्दल : सुंता न झालेल्या माणसांच्या घरी तू गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. यापेक्षा तीव्र प्रसंग अंत्युखिया शहरात घडला. पेत्र तिथे यहूदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरला, इतर यहूदी विश्वासणारेही सरले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांसमोर पेत्राला ढोंगी ठरवले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आपली बाजू सविस्तर मांडली आहे. पेत्र नमला, असे मात्र तो कुठेही म्हणत नाही. या घटनेत दोन्ही बाजूंना येशू मान्य होता. वाद होता तो रोटीव्यवहाराचा, आणि दोन समाज एक झाले की नाही याची खरी कसोटी तीच होती.

‘कृत्ये’ पुढे एक तोडगा नोंदवते : यहूदीतरांनी मूर्तीला दाखवलेला नैवेद्य, रक्त आणि गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस वर्ज्य करावे. हा तोडगाही सर्वत्र एकसारखा पाळला गेला नाही. बाजारात विकायला येणाऱ्या मांसापैकी काही देवळांतल्या बळींचे असे. पौल करिंथकरांना सांगतो, बाजारात मिळते ते चौकशी न करता खा; मात्र कोणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर त्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका, आणि देवांच्या पंगतीला तर बसूच नका. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा लेखक अशी सवड देत नाही. पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांत नैवेद्य खाणाऱ्यांना तो कठोर शब्दांत झोडपतो. ‘दिदाखे’ही तेच सांगते. एकाच पिढीच्या आगेमागे ख्रिस्ती लेखकांमध्ये एवढा मतभेद होता, हे ध्यानात ठेवले तरच पुढचा इतिहास नीट समजतो.

या आहारनियमांचा परिणाम बाजारापर्यंत पोहोचला होता. ११२ सालाच्या सुमारास, बिथुनिया-पंत प्रांताचा अधिपती असलेला तोच प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की आपण कारवाई सुरू केल्यापासून बळीच्या मांसाला पुन्हा उठाव आला आहे. आधी गिऱ्हाईक जेमतेम मिळत असे. ख्रिस्ती लोकांच्या जेवणाची चौकशी त्याने आधी श्रद्धा सोडलेल्यांकडे आणि मग दोन दासींचा छळ करून केली. हाती काय लागले? ही माणसे पहाटे जमून ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा जमून अन्न खातात, तेही साधे आणि निरुपद्रवी. अन्न ‘निरुपद्रवी’ असल्याची नोंद करावीशी वाटली, यावरूनच काय अफवा पसरल्या होत्या याचा अंदाज येतो.

अफवा नरमांसभक्षणाची होती. पिठात लपवलेले मूल नवख्या सभासदाकडून मारवतात आणि मग सगळे ते खातात, ही कथा मिनुकियुस फेलिक्स या लेखकाने आरोप करणाऱ्या पात्राच्या तोंडी दिली आहे. बाप्तिस्मा न झालेल्यांना जेवणात प्रवेश नसे आणि आतमध्ये शरीर व रक्त हे शब्द उच्चारले जात. बाहेरच्यांच्या संशयाला तेवढे पुरे झाले असावे. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात या आरोपाने माणसांचे जीव घेतले. तिथल्या मंडळीने पाठवलेले पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियुस याने जतन केले आहे. त्यात बिब्लिस नावाच्या स्त्रीची हकिगत आहे. तिने आधी श्रद्धा नाकारली होती, पण पुन्हा छळ झाल्यावर ती उलटून म्हणाली, की ज्यांना मुक्या जनावराचे रक्तही चालत नाही ते मुले कशी खातील? यातून एक अनपेक्षित पुरावा मिळतो : यरुशलेमपासून इतक्या दूर, ‘कृत्ये’तल्या तोडग्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीही ख्रिस्ती लोक रक्त वर्ज्य करत होते. खोट्या आरोपाला उत्तर म्हणून तिला आपल्या स्वयंपाकघरातला नियम सांगावासा वाटला, ही या साऱ्या विषयातली सर्वांत बोलकी साक्ष आहे.

गुप्ततेचा गैरसमज आजही चित्रपटांतून जिवंत आहे : ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारी कबरस्तानांत लपून राहत आणि तिथेच जेवत. ही भुयारे लपण्याच्या जागा नव्हत्या. ती शहराबाहेरच्या हमरस्त्यांलगतची माहितीतली दफनस्थळे होती. २५७ साली सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना तिथे जाण्याची बंदी केली, ती या जागा ठाऊक होत्या म्हणूनच. तिथे जेवणे होत हे खरे, पण ती मृतांच्या स्मरणार्थ. कबरीपाशी जेवायचा रिवाज रोमन लोकांत जुनाच होता. आप्पियन मार्गावरच्या संत सेबास्टियनच्या कबरस्तानात पेत्र आणि पौल यांच्या नावाने जेवण घातल्याचे लोकांनी भिंतीवर कोरून ठेवले आहे. एरवीची जेवणे घरांतून होत. इस्रायलमध्ये मगिद्दो येथे २००५ साली उजेडात आलेल्या, साधारण २३० सालच्या मोझेइकवर अकेप्तूस नावाच्या स्त्रीने देव येशू ख्रिस्ताला स्मरणार्थ मेज अर्पण केल्याचे लिहिले आहे, आणि मोझेइकचा खर्च एका रोमन शताधिपतीने केला आहे. ही जागा रोमन सैन्याच्या तळाला लागून होती.

खऱ्या संकटाच्या वेळी कसोटीही खाण्याचीच लागली. सम्राट डेसियसच्या हुकमाप्रमाणे २५० साली प्रजेला देवांना बळी द्यावा लागला आणि त्याचा दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांत आपण अर्घ्य दिले, बळी दिला आणि त्या मांसाची चवही घेतली, असे लिहून द्यावे लागे.

याच सुमारास पंगतीचे रूप बदलत होते. ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन १९७च्या सुमारास कार्थेजमधल्या प्रीतिभोजनाचे, म्हणजे मंडळीच्या सामूहिक जेवणाचे, वर्णन करतो : आधी प्रार्थना, मग भुकेपुरते जेवण, हात धुणे, दिवे लावणे, प्रत्येकाने गाणे. पन्नासएक वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन म्हणतो, की रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना बोलावता येत नाही. भाकर-प्याल्याचा विधी आता सकाळचा आहे. त्याच पत्रात तो नुसत्या पाण्याने विधी करणाऱ्यांना फटकारतो, कारण काहींना सकाळी तोंडाला मद्याचा वास येईल, अशी धास्ती होती. पाण्याखेरीज चीज, दूध-मध, ऑलिव्ह यांचेही उल्लेख निरनिराळ्या मंडळ्यांत सापडतात, म्हणून ‘नेहमीच भाकर आणि द्राक्षारस’ हेही सरसकट विधान करता येत नाही.

यहूदी आणि ख्रिस्ती पंगती पहिल्या शतकातच कायमच्या वेगळ्या झाल्या, ही शेवटची समजूत. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विरा येथील धर्मसभेला यहूद्यांबरोबर जेवणाऱ्या ख्रिस्ती लोकांना शिक्षा ठरवावी लागली. ३८६-८७ साली, ज्या अंत्युखियात पेत्र मागे सरला होता तिथेच, धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम यहूदी सणांत आणि उपासांत सामील होणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर प्रवचनांतून तुटून पडत होता. लोक जात होते म्हणूनच बंदी घालावी लागत होती. प्रीतिभोजनाचेही तसेच झाले. चौथ्या शतकाच्या मध्याला गांग्रा येथील धर्मसभेने अशा भोजनांना तुच्छ लेखणाऱ्यांचा निषेध केला. त्यानंतर काही वर्षांनी लावदिकीया येथील सभेने चर्चच्या इमारतीत प्रीतिभोजन करायला आणि जेवणासाठी बैठका मांडायला मनाई केली.