मनाचे हिशेब (लेखांक ७) : खोटं ओळखणारी आत्या

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. "बाई, वही घरी राहिली," असं एखादं पोर म्हणालं, की ती खडू खाली ठेवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि त्याच्याकडे नुसती बघत राहायची. निम्मी पोरं तिथंच रडायला लागत. "मला चेहरा वाचता येतो," असं ती म्हणायची आणि गावाचाही त्यावर विश्वास होता. चौथीत असताना एकदा माझी वही खरोखरच घरी राहिली. तो अख्खा तास मी वर्गाबाहेर उभा होतो. संध्याकाळी वही तिलाच माझ्या अंथरुणात सापडली. ती काही बोलली नाही, माझ्या पोह्यांवर जरा जास्त खोबरं घातलं, एवढंच. तिच्या कीर्तीतून हा एक गुण मात्र कोणी वजा केला नाही.

माणसं खोटं का बोलतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज पलीकडची बाजू पाहू. खोटं ओळखण्याची उपजत देणगी काही जणांना असते का?

असते, हा समज फार जुना. याज्ञवल्क्य स्मृतीत खोट्या साक्षीदाराची लक्षणं दिली आहेत : तो एका जागी ठरत नाही, ओठांच्या कडा चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग पालटतो, बोलताना अडखळतो. आजही आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, याची नोंद न्यायाधीश करू शकतात. अडचण एवढीच, की आयुष्यात पहिल्यांदा पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या सरळमार्गी माणसालाही असाच घाम फुटतो.

या समजाची पद्धतशीर परीक्षा घेतली ती पॉल एकमन आणि मॉरीन ओ'सलिव्हन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी. त्यांची चित्रफीत मोठी चतुर होती. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पडद्यावर काहीतरी दाखवायचं आणि त्यांनी "मी निसर्गाची सुंदर फिल्म बघतेय" असं सांगायचं. काहींसमोर खरोखरच तशी फिल्म असे. बाकीच्यांसमोर भाजलेली शरीरं, कापलेले अवयव. मनातलं चेहऱ्यावर येऊ न देणं हे नर्सच्या कामातच येतं, असं त्यांना बजावलेलं, त्यामुळे त्या जीव तोडून खोटं बोलत होत्या. अशा दहा जणींच्या मुलाखती ५०९ लोकांना दाखवल्या. त्यांत पोलीस होते, न्यायाधीश होते, मनोविकारतज्ज्ञ होते, खोटं पकडण्याचं यंत्र चालवणारेही होते. १९९१ साली निकाल छापून आला आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. छापा-काटा करून जेवढी उत्तरं बरोबर आली असती, त्याहून ठळकपणे चांगली कामगिरी एकाच गटाची होती : राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचं काम करणारी सीक्रेट सर्व्हिस. तिचीही सरासरी शंभरात ६४. शिवाय ज्याला स्वतःबद्दल जास्त खात्री, त्याची उत्तरं जास्त बरोबर, असंही काही दिसलं नाही.

ओ'सलिव्हनबाईंनी मात्र हार मानली नाही. सरासरी सामान्य असली तरी गर्दीत एखादा हिरा असेलच, असं म्हणत त्यांनी हजारो लोकांना तीन चाचण्या दिल्या. सुमारे वीस हजार लोकांतून साधारण पन्नास जण निघाले. त्यांना त्यांनी 'विझार्ड' म्हटलं, म्हणजे जादूगारच. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं! एकमनच्या कामावरून पुढे २००९ मध्ये 'लाय टू मी' ही मालिका निघाली. तिचा नायक भुवईच्या हालचालीवरून आरोपी ओळखतो. आत्याने पाहिली असती तर खूश झाली असती.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. दहा प्रश्नांची चाचणी नुसत्या अंदाजाने सोडवली, तर नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात एकाहून किंचित जास्त. वीस हजार माणसं बसवली तर दोनशेहून अधिक जण डोळे झाकून हा टप्पा पार करतील. त्यांतले काही पुढच्या चाचण्यांतही नशिबाने तरतील. नेमका हाच आक्षेप चार्ल्स बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००७ मध्ये घेतला : हे जादूगार नसून लॉटरी लागलेले लोक असावेत. ओ'सलिव्हनबाईंनी उत्तरात गोल्फपटू टायगर वुड्सचा दाखला दिला. विरळा असणं म्हणजे खोटं असणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद चुरचुरीत आहे, पण मला तरी बाँडचा हिशेब जड वाटतो.

कारण त्यामागे मोठा ढीग आहे. बाँड आणि बेला डी'पाउलो यांनी आधीच्या प्रयोगांतल्या चोवीस हजारांहून अधिक परीक्षकांचे निकाल २००६ मध्ये एकत्र मांडले. खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण निघालं शंभरात ५४. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते : ओळखणाऱ्यांच्या कौशल्यात फरक अगदी थोडा असतो. फरक असतो तो बोलणाऱ्यांत. काहींचं खरंही खोटं वाटतं, काहींचं धादांत खोटंही पटतं. थोडक्यात, आत्याच्या वर्गातली रडणारी पोरं कोणासमोरही रडलीच असती.

एक अपवाद सांगायलाच हवा. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचाघात झालेल्या, वाक्यं नीट न समजणाऱ्या रुग्णांना नॅन्सी एटकॉफ आणि सहकाऱ्यांनी हीच नर्सेसची चित्रफीत दाखवली. २००० साली 'नेचर'मध्ये आलेल्या या प्रयोगात ते धडधाकट लोकांपेक्षा सरस ठरले. शब्दांची भूल त्यांच्यावर चालतच नव्हती. पण रुग्ण होते फक्त दहा, तेव्हा फार उड्या मारू नयेत.

मग खोटं उघडकीला येतं कसं? ही सन पार्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं : तुम्ही अलीकडे पकडलेलं खोटं नेमकं कशावरून कळलं? चेहरा, आवाज, नजर यांवरून तिथल्या तिथे कळलं, असं शंभरात दोघांनीही सांगितलं नाही. तिसऱ्याच कोणाकडून कळलं, हाती पुरावा लागला, नाहीतर त्या माणसाने आपणहून कबूल केलं. आणि बऱ्याचदा हे कळायला दिवसच्या दिवस गेले.

आत्या निवृत्त झाल्यावर मी तिला खोदून विचारलं. म्हणाली, "अरे, चेहरा कसला वाचतेय! मधल्या सुट्टीत त्यांच्या आया भाजी घ्यायला यायच्या ना शाळेसमोर. त्यांना विचारून ठेवायचे."

पुढच्या लेखांकात खोटं पकडणाऱ्या यंत्राकडे वळू. तोवर वाचकांना एक काम : या आठवड्यात कोणाचं खोटं पकडलंत, तर ते कशावरून आणि किती दिवसांनी कळलं, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. तुम्ही कोणावर उगाच संशय घेतला असेल, तर तेही त्याच पानावर.