फारोचे नाव नाही, सुइणींचे आहे

रमजानला कुरआनचा महिना म्हणतात. याच महिन्यात कुरआनच्या अवतरणाला प्रारंभ झाला अशी श्रद्धा आहे. म्हणूनच रोज रात्री तरावीहच्या नमाजमध्ये तो क्रमाने ऐकला जातो. ऐकताना एक गोष्ट जाणवते. यातली कितीतरी माणसे आपल्या शेजाऱ्यांच्याही ओळखीची आहेत. कुरआनात नावानिशी येणाऱ्या २५ प्रेषितांपैकी बहुतेक जण बायबलमध्येही भेटतात. आमचे हजरत मूसा तिथे मोशे आहेत, इब्राहीम अब्राहाम आहेत, यूनुस योना आहेत.

रमजान आला की वर्गात हमखास एक प्रश्न येतो, ‘सर, तुमच्यात येशू आहे का?’ आहेत, ईसा या नावाने आहेत. आणि त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाचा एक संपूर्ण अध्यायही आहे. हा प्रश्न मला नेहमीच आवडतो. एकाच गावात, एकाच बाजारात वावरणारे आपण एकमेकांचे ग्रंथ बहुधा ऐकीव माहितीवरच ओळखतो. बायबल तर मराठीत सहज मिळते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले.

बायबल वाचू लागल्यावर मला अधिक नवल वाटले ते मोठ्या प्रेषितांचे नव्हे, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लहान माणसांचे. कोणी दासी, कोणी सुईण, कोणी परदेशी विधवा. त्यांच्याविषयीचे काही तपशील चर्चमध्ये नियमित जाणाऱ्यांच्याही चटकन लक्षात येत नाहीत. आज त्यांच्याविषयी.

दोन सुइणी

मोशेच्या जन्माची कथा सर्वांना ठाऊक आहे. इजिप्तच्या राजाने गुलाम इब्री लोकांचे नवजात मुलगे मारण्याचा हुकूम काढला. या राजाचे नाव काय? बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात ते कुठेही नाही. तिथे तो नुसता ‘फारो’ आहे. कुरआनातही तो ‘फिरऔन’ एवढाच आहे. फारो ही पदवी झाली, नाव नव्हे. तो रामसेस दुसरा असावा की आणखी कोणी, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

पण त्याच पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणींची नावे मात्र स्पष्ट दिली आहेत. शिप्रा आणि पुवा. मुलगा जन्मला तर तिथेच संपवा, असा हुकूम राजाने या दोघींना दिला होता. त्यांनी तो पाळला नाही. राजाने जाब विचारला तेव्हा त्या म्हणाल्या की इब्री बायका फार काटक असतात, आम्ही पोहोचण्याआधीच त्यांची सुटका झालेली असते! जगातल्या बलाढ्य राजाला दोन सुइणींनी बाळंतपणाच्या अज्ञानावरून असे गुंडाळले. या दोघी स्वतः इब्री होत्या की इब्री बायकांची बाळंतपणे करणाऱ्या इजिप्शियन होत्या, हे मूळ हिब्रू शब्दांवरून ठरत नाही; दोन्ही अर्थ निघतात. त्या इजिप्शियन असतील तर त्यांनी आपल्याच राजाविरुद्ध परक्यांच्या लेकरांना वाचवले.

पुढे मोशेला टोपलीत घालून नदीत सोडणारी त्याची आई, दुरून लक्ष ठेवणारी बहीण, त्याला उचलून घेणारी राजकन्या, अशी बायकांची एक साखळीच उभी राहते. कुरआनात सुइणींचा उल्लेख नाही. पण आई आणि बहीण आहेत, आणि राजकन्येच्या जागी फिरऔनची पत्नी आहे. परंपरेने तिला आसिया म्हटले जाते. जुलमी राजाच्या या पत्नीचा दाखला कुरआनने सर्व श्रद्धावंतांपुढे आदर्श म्हणून ठेवला आहे. आईचे नाव कुरआन सांगत नाही, पण ईश्वराने तिच्या मनाला थेट संदेश दिला हे सांगतो. बायबल तिचे नाव सांगते, योखबेद. दोन ग्रंथ शेजारी ठेवले की असे होते. एकात जे राहिले ते दुसऱ्यात सापडते.

जिचे नाव कोणी घेत नव्हते

हज आणि उमरा करणारा प्रत्येक जण मक्केत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत धावणाऱ्या एका आईची ती आठवण. तिचे नाव हाजरा. हे नाव कुरआनात नाही, हदीसमध्ये आहे. बायबलमध्ये ती हागार म्हणून येते. ती इजिप्तची होती, अब्राहामाच्या पत्नीची, म्हणजे साराची दासी.

‘उत्पत्ती’ पुस्तकातील तिची कथा सावकाश वाचली तर एक बारीक गोष्ट दिसते. निवेदक तिला हागार म्हणतो. पण संवादांमध्ये सारा किंवा अब्राहाम तिचे नाव एकदाही उच्चारत नाहीत. ‘माझी दासी’, ‘तुझी दासी’, ‘ही दासी’ एवढेच. छळाला कंटाळून ती गरोदर अवस्थेत रानात पळून जाते. तिथे एका झऱ्यापाशी देवदूत तिला भेटतो आणि पहिलाच शब्द उच्चारतो तो तिचे नाव. बायबलमध्ये देवदूत माणसाला भेटल्याचा हा पहिला प्रसंग. तो राजाच्या वाट्याला आला नाही, प्रेषिताच्याही नाही. तो आला घर सोडून पळालेल्या एका परदेशी दासीच्या वाट्याला.

आणि तिथे हागारने उलट देवालाच एक नाव दिले. त्याचा अर्थ, मला पाहणारा देव. तिच्या बाळाचे नाव ठरले इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. यातला ‘ऐकणे’ हा हिब्रू धातू आणि अरबीतला धातू एकाच घराण्याचे. उर्दूत त्यापासूनच ‘समाअत’ हा शब्द आला. कोर्टातल्या सुनावणीलाही उर्दूत समाअतच म्हणतात. ज्या बाईची कुठेच सुनावणी नव्हती, तिच्या मुलाच्या नावातच सुनावणी आली!

पुढे तिला मुलासह घराबाहेर काढले गेले, सोबत भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन. बायबलनुसार हे बैर-शेब्याच्या रानात घडते. मुस्लिम परंपरेनुसार मक्केच्या खोऱ्यात, आणि ईश्वराच्या आज्ञेने. तिथला पाण्याचा उगम म्हणजे जमजम. तपशील वेगळे आहेत आणि ते वेगळे आहेत हे मोकळेपणाने मान्य करावे. मात्र दोन्हीकडे पाणी मिळते.

शेवटचे पीठ

हजरत इलियास म्हणजे बायबलमधील एलिया. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा हा अतिशय लाडका प्रेषित. अलिबागजवळच्या खंडाळा गावी तो प्रकट झाला अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने ते ‘मलिदा’ करतात. त्यात पोहे, खोबरे, गोड आणि फळे असतात. आमच्याकडे पोळी कुस्करून तूप-गूळ घालून करतात तोही मलिदाच. पदार्थ वेगळा, शब्द एक.

एलियाच्या काळात मोठा दुष्काळ पडला. त्याच्या जिवावर उठलेली राणी ईजबेल सीदोनी राजाची मुलगी होती. आश्चर्य असे, की देवाने त्याला जगण्यासाठी पाठवले ते त्याच सीदोन प्रांतात, सारफथ गावच्या एका विधवेकडे. हे गाव आजच्या लेबनॉनमध्ये येते. ती काटक्या गोळा करत होती. घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते. तेवढ्याची भाकरी करायची, आपण आणि मुलाने खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असे तिने ठरवले होते. त्यातलीच पहिली भाकरी तिने परक्या माणसाला दिली. आणि मग पाऊस पडेपर्यंत तिचे पीठ सरले नाही, तेल आटले नाही.

या बाईचे नाव मात्र बायबल सांगत नाही. राणीचे नाव राहिले, भाकरी देणारीचे राहिले नाही. विस्मृती ग्रंथांतही असते, हेही नमूद केले पाहिजे. पुढे येशूने एका प्रवचनात तिची आठवण काढली, तीही विधवा म्हणूनच.

जुन्या चिंध्या

यिर्मया हा प्रेषित जेरुसलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा असताना कटू सत्य सांगत होता. दरबाऱ्यांनी त्याला चिखल भरलेल्या खोल टाक्यात सोडून दिले. त्याला वाचवायला स्वकीयांपैकी कोणी पुढे झाले नाही. पुढे झाला एबद-मलेख, राजवाड्यात चाकरी करणारा एक कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचा आफ्रिकी माणूस. त्याने राजाकडे जाऊन भर वेशीत हा अन्याय बोलून दाखवला आणि परवानगी मिळवली.

पण मला अधिक भावतो तो पुढचा तपशील. दोर घेऊन तो थेट टाक्याकडे गेला नाही. आधी राजवाड्यातून जुनी फाटकी कापडे, चिंध्या घेतल्या, त्या खाली सोडल्या आणि यिर्मयाला सांगितले की या काखेत घाल, म्हणजे दोर रुतणार नाही. जीव वाचवताना दोर काचेल याचीही काळजी करणारा माणूस! इस्लामच्या इतिहासात हबशी वंशाचे हजरत बिलाल पहिली अजान देणारे ठरले. एबद-मलेखविषयी वाचताना मला त्यांची आठवण होते.

जनावरांचाही उपवास

यूनुस किंवा योना म्हटले की मासा आठवतो. कुरआनही त्यांना एका ठिकाणी ‘माशाचा साथी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतो. पण बायबलमधील योनाचे चार अध्यायांचे पुस्तक माशाने संपत नाही. निनवे हे शत्रूचे शहर, आजच्या इराकमधील मोसुलसमोर, तैग्रीस नदीच्या काठी. त्याचा नाश होणार, हे योनाने जाऊन सांगितले. तेव्हा तिथला राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला आणि त्याने उपवासाचा हुकूम काढला. माणसांनी आणि गुराढोरांनीही काही खाऊ-पिऊ नये! पाणीसुद्धा वर्ज्य असलेला हा उपवास रोजा धरणाऱ्याला फार ओळखीचा वाटेल.

शहराला क्षमा मिळाली आणि योना रागावला. शत्रूला क्षमा मिळालेली त्याला पाहवेना. पुस्तकाचा शेवट देवाच्या एका प्रश्नाने होतो. ज्या शहरात १,२०,००० अजाण माणसे आहेत आणि पुष्कळ जनावरेही आहेत, त्याची दया मी करू नये काय? योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. ते वाचणाऱ्याने द्यायचे आहे. कुरआनही यूनुसच्या लोकांची संख्या एक लाख किंवा त्याहून अधिक सांगतो आणि त्यांच्यावरचे संकट टळले हेही सांगतो.

ज्यू लोक हे पुस्तक योम किप्पुर या उपवासाच्या दिवशी वाचतात. केरळचे सिरियन ख्रिस्ती निनवेच्या आठवणीत तीन दिवसांचा ‘नोंबू’ करतात, आणि केरळचे मुसलमान रमजानच्या रोजालाही ‘नोंबू’च म्हणतात. मोसुलमध्ये यूनुस यांच्या नावाची जुनी मशीद होती. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या दहशतवाद्यांनी ती सुरुंग लावून उडवली. ज्याने शत्रूच्या शहराला दया मिळताना पाहिली, त्याच्याच नावाची वास्तू द्वेषाने पाडली. तीही इस्लामचे नाव घेऊन. याचे दुःख आम्हाला अधिक असले पाहिजे.

एका गुहेपाशी दोन भाऊ

शेवटचा तपशील ‘उत्पत्ती’च्या पंचविसाव्या अध्यायातला. अब्राहामाचा मृत्यू झाला तेव्हा मकपेला गुहेत त्याला दफन करायला कोण होते? इसहाक आणि इश्माएल, दोघेही. घराबाहेर काढलेल्या दासीचा मुलगा बापाला माती द्यायला आला आणि भावाशेजारी उभा राहिला. ही गुहा आजच्या हेब्रोन शहरात आहे. त्या शहरात या दोन भावांच्या वंशजांमध्ये आज किती कडवट भांडण आहे, हे रोजच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. पुढच्याच ओळींत आणखी एक माहिती आहे. इसहाक नंतर राहायला गेला तो एका विहिरीजवळ. ती तीच विहीर, जिथे हागारला देवदूत भेटला होता.

रमजानच्या दिवसांत आपल्या शहरात चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लागतात. त्यांवर नेत्यांची छायाचित्रे मोठी आणि नावे त्याहून मोठी. पण पहाटे तीनला उठून घरभराची सहरी करणारी, स्वतः रोजा धरून संध्याकाळी सर्वांसाठी भजी तळणारी बाई त्या फलकावर नसते. इफ्तारनंतर सतरंज्या झटकणारा पोरगा, रात्री देगी घासणारा माणूस, त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नसतात. आपल्या फलकांवर फारो असतात, शिप्रा आणि पुवा नसतात.

उपाशीपोटी राहून दुसऱ्याची भूक कळावी, हा रोजाचा एक हेतू आहे. त्यासोबत दुसऱ्याचे नावही कळावे. आज संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरख्वानवर जो कोणी पाण्याचा पेला पुढे करेल, त्याला त्याचे नाव विचारू या. आणि उद्याही त्याच नावाने हाक मारू या.