भाड्याच्या वाड्यातले बालपण

पुण्याच्या जुन्या पेठांतला कष्टकरी माणूस बहुधा वाड्यात राहिला. मुंबईत गिरणी कामगारांसाठी चाळी मुद्दाम बांधल्या गेल्या. पुण्यात मात्र एकेका घराण्यासाठी उभारलेले वाडे खणाखणाने भाड्याने दिले गेले आणि त्यांचीच चाळ झाली. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर अनेक सरदार-सावकारांची घराणी उतरणीला लागली. मोठा वाडा सांभाळायचा तर भाडेकरू ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. दुसरीकडे १८५८ मध्ये रेल्वे आली, १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, आणि मावळ, मुळशी, पुरंदर, सातारा, नगर या भागांतून माणसे कामासाठी शहरात येऊ लागली. त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. नाना, भवानी, गंज, रविवार, सोमवार, मंगळवार या पेठांत मग केवळ भाड्यासाठी बांधलेल्या वाडावजा इमारतीही उठल्या: मधे चौक, भोवती दोन-तीन मजले, लाकडी सज्जा आणि सज्ज्यावर ओळीने दारे.

जागा खणांत मोजली जाई. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, सुमारे पाच-सहा फुटांचा. दोन खणी खोलीत सात-आठ माणसांचे बिऱ्हाड ही नेहमीची गोष्ट होती. कोपऱ्यात हातभर मोरी, तिच्या शेजारी चूल किंवा शेगडी, पुढे वातीचा स्टोव्ह. वर फळ्यांचा माळा, त्यावर अंथरुणे, पत्र्याच्या ट्रंका आणि गावाहून आलेले धान्य. रात्री वडीलधारे खोलीत, मुले सज्ज्यात आणि उन्हाळ्यात पुरुष मंडळी चौकात किंवा थेट रस्त्याकडेला झोपत. पहिल्या पाळीचा कामगार पहाटे कामाला गेला की थोड्या वेळाने तिसऱ्या पाळीचा शेजारी घरी येऊन आडवा होत असे, आणि पोरांना दिवसासुद्धा हळू बोलायला लहानपणापासून शिकावे लागे.

या घरांचे सर्वांत मोठे दुखणे पाठीमागच्या भिंतीत होते. पेठांतले वाडे एकमेकांना चिकटून उभे. ज्या खोल्यांची पाठ शेजारच्या वाड्याला लागलेली, त्यांना मागे खिडकी नसेच. उजेड आणि वारा यायचा तो चौकाकडच्या एकाच दारातून. धूर बाहेर पडायला वाट नाही, पावसाळ्यात ओल भिंतीतून उतरायची, आणि भिंतीपलीकडचे भांडण, खोकला, बाळाचे रडणे अलीकडे ऐकू यायचे. इंग्लंडमध्ये लीड्स आणि बर्मिंगहॅमच्या कामगार वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात अशीच पाठीला पाठ लावलेली घरे हजारोंनी बांधली गेली. तिथेही एका अंगणात अनेक कुटुंबे, सामाईक पाणी आणि सामाईक संडास होते. १९०९ च्या कायद्याने तिकडे अशा नव्या घरांना बंदी घातली. बर्मिंगहॅममधला असा एक चौक दुरुस्त करून २००४ पासून लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. पुण्यात अशा घरांची परीक्षा १८९७ च्या प्लेगने घेतली. दाटीच्या खोल्यांतून रोग पसरला, घरांच्या झडत्या झाल्या, कित्येक कुटुंबे शहराबाहेर झोपड्यांत राहायला गेली. साथ ओसरल्यावर माणसे पुन्हा त्याच खोल्यांत परतली, कारण परवडणारी दुसरी जागा नव्हती.

वाड्यातल्या मुलांचा दिवस पाण्याने सुरू होई. नळ चौकात एकच, फार तर दोन, आणि पाणी ठरलेल्या वेळी. पहाटे हंडे, कळशा, बादल्या रांगेत लागत. हे काम घरातल्या मुलींकडे असे. जिन्याला कठड्याऐवजी बांधलेला दोर धरून भरली कळशी दुसऱ्या मजल्यावर नेणारी दहा वर्षांची मुलगी हे या घरांतले रोजचे दृश्य होते. तिचा भाऊ त्या वेळी शाळेच्या तयारीत असे, आणि तिची शाळा पाण्याच्या वेळेवर अवलंबून असे. वाड्यातल्या बालपणाच्या आठवणी सांगताना चौक आणि खेळ पुष्कळ येतात, ही कळशी मात्र क्वचितच येते. नळावरची भांडणे प्रसिद्ध होती, तसा नळावरचा शेजारधर्मही: आजारी बाईचा हंडा कोणीतरी भरून ठेवायचे आणि त्याची वाच्यता होत नसे.

पाण्याची ही भागी सर्वांना खुली होती असे मात्र मुळीच नाही. खोली कोणाला द्यायची हे मालक जात विचारून ठरवी. त्यामुळे एकेक वाडा, एकेक आळी बहुतांशी एका समाजाची राही, आणि दलित कुटुंबांना पेठांच्या कडेच्या वस्त्यांतच जागा मिळे. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. तो हौद आणि ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. संडासांची गोष्ट याहून कठोर. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे कित्येक वाड्यांत टोपलीचे संडास होते. त्यांच्यामागे अरुंद बोळ असे, आणि त्या बोळातून सफाई कामगार डोक्यावर मैला वाहून नेत. वाड्यातली मुले त्या बोळात खेळत नसत, आणि ज्यांच्या घरची माणसे तिथे काम करत ती मुले वाड्यात खेळायला येत नसत.

घर म्हणजे कामाची जागाही होती. कसब्यातल्या तांबट आळीत हातोड्यांचा ठोका सकाळी सुरू होई तो दिवस मावळेपर्यंत चाले. बुरूड आळीत टोपल्या आणि सुपे विणली जात. पूर्व भागातल्या नाना आणि भवानी पेठांत तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली. त्यांच्या बायका घरी बिड्या वळत. कारखान्यातून टेंभुर्णीची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मग सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचे. मजुरी हजारी बिड्यांवर. शाळेतून आलेली मुले बिडीची तोंडे मिटवत, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत. कारखान्यात माल तपासताना काही बिड्या खराब ठरवून बाजूला काढल्या जात. त्या ‘छाट’ बिड्यांची मजुरी मिळत नसे, आणि किती छाट निघाली यावर त्या संध्याकाळचे घरातले वातावरण ठरे. तंबाखूची भुकटी दोन खणांच्या खोलीत अंथरुणापासून पिठाच्या डब्यापर्यंत पोहोचे. बिडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला. घरी बसून वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळख मिळाली, हा त्याचा मोठा लाभ होता.

अभ्यासाला जागा शोधावी लागे. परीक्षेच्या दिवसांत मुले देवळात, शाळेच्या पायरीवर किंवा रस्त्याच्या दिव्याखाली बसत. खेळाला मात्र चौक होता. गोट्या, भोवरे, विटीदांडू, लगोरी मुलांचे; सागरगोटे आणि काचापाणी मुलींचे. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून भोंडला होई, आणि बंद डब्यातली खिरापत ओळखायला सगळ्या वाड्यातल्या मुली जमत. दिवाळीच्या आधी माती, दगड आणि पोती जमवून किल्ला उभा राही. त्यावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे, आणि शेजारच्या वाड्याच्या किल्ल्यापेक्षा आपला उंच करायचा. गणपतीत आळीचे मंडळ आणि एरवी तालीम, या दोन ठिकाणी थोरली मुले वाढत. चौकातल्या पोराला दटावण्याचा अधिकार कोणत्याही बिऱ्हाडाच्या काकूंना असे, आणि कामावर गेलेल्या आईचे मूल शेजारच्या ताटात जेवून झोपी जाई. एवढ्या जवळिकीतून मुलांना आधार मिळाला हे खरेच. पण तिच्यापायी वयात येणाऱ्या मुलीला कपडे बदलायलाही आडोसा नसे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे पाणी उतरल्यावर ढासळले, आणि एका चौकात वाढलेली कुटुंबे शहरभर पांगली. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती वसवल्या गेल्या. गोखलेनगरच्या बाजूला अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या. शहराची तहान भागवणारे खडकवासल्याचे पाणीच गेल्यामुळे काही काळ पुणेकरांना जुन्या विहिरी आणि हौदांकडे वळावे लागले. पुढच्या दशकांत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी पेठांतल्या तरुणांना कायमची नोकरी दिली. पहाटे सायकलने किंवा कंपनीच्या बसने जाणाऱ्या या पिढीने पगारातून उपनगरांत घरे घेतली आणि वाडा सोडला.

मागे राहिलेल्यांना भाड्याच्या कायद्याने धरून ठेवले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. गरीब कुटुंबाला या संरक्षणाने शहरात टिकवले, यात शंका नाही. पण महिन्याला काही रुपये भाडे घेणारा मालक कौले शाकारीना, वाळवी लागलेल्या तुळया बदलीना. मालक आणि भाडेकरू यांचे खटले पिढ्यान् पिढ्या चालले, आणि तेवढ्या काळात भिंती फुगत राहिल्या. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तरी मूळ भाडेच इतके थोडे की दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. आज बहुतेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत, आणि ज्यांचा हक्क कागदावर टिकला त्या भाडेकरूंना त्यांत सदनिका मिळाल्या. जे वाडे उरले त्यांतल्या धोकादायक वाड्यांना पावसाळ्याआधी महापालिका नोटिसा देते. काही कुटुंबे तरीही टेकू दिलेल्या खोलीतून हलत नाहीत, कारण एकदा जागा सोडली की तिच्यावरचा हक्क परत मिळेल याची त्यांना खात्री वाटत नाही.