आठ विरुद्ध सात

अमेरिकेतल्या वादग्रस्त निवडणुकांचा विषय निघाला की सगळे २००० सालच्या फ्लोरिडावर थांबतात. मी १८७६ काढतो! डेमोक्रॅट टिल्डन यांना देशभरात जास्त मतं, इलेक्टोरल मतं १८४. जिंकायला एकच कमी. रिपब्लिकन हेज १६५ वर. उरलेली २० वादात.

निवाड्याला १५ जणांचा आयोग: दहा खासदार, पाच न्यायमूर्ती. दोन्ही पक्षांचे सात-सात, पंधरावे अपक्ष मानले जाणारे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस. तेवढ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांनाच सिनेटवर निवडून दिलं, तेही डेमोक्रॅटांच्या मतांवर. स्वतःच्याच पायावर धोंडा! डेव्हिस बाजूला झाले, आले रिपब्लिकन न्यायमूर्ती ब्रॅडली. वीसच्या वीस मतं ८ विरुद्ध ७ अशी हेजना. १८५-१८४ ने ते राष्ट्राध्यक्ष झाले.